मामाजी म्हणायचं नाही

लकडगंजातल्या त्या घरात आठ वर्षांपासून एक शब्द बंद होता. शिवी नव्हे, मेलेल्या कुणाचं नाव नव्हे. साधा रोजचा शब्द: मामाजी. नागपूरकडे सुना सासऱ्याला ज्या शब्दाने हाक मारतात, तो. इंदू लग्न होऊन आली तेव्हा तीही चंपतरावांना मामाजीच म्हणायची. मग एके सकाळी सासूने, रुखमाबाईने, तिला मधल्या खोलीत नेऊन दार लोटलं आणि सांगितलं, "आजपासून त्यायले बाबा म्हणायचं. बाहेरचा कोणी असो का नसो."

इंदूने शब्द गिळला. चार वर्षांनी धाकटी सून कुसुम आली, तिलाही पहिल्याच दिवशी हेच सांगितलं गेलं. सुना शिकल्या, पण म्हातारा शिकला नाही. 'बाबा' म्हटलं की चंपतराव दुसऱ्या हाकेला ओ देत, कधी तिसऱ्या. पहिल्या हाकेला त्यांना वाटे, दुसऱ्याच कुणाचा बाप असेल.

हे सगळं झालं ते इंदूच्याच तोंडामुळे. चंपतराव घोरमाडे पाणीपुरवठ्याचे मोठे इंजिनिअर होते तेव्हा नदीकाठच्या खेड्यांसाठी परदेशातून पंप आले. पंपांना हार घातले, मंत्र्याने नारळ फोडला, पेढे वाटले, आणि त्या पंपांनी एक घागरभर पाणी वर चढवलं नाही. खेड्यातल्या बाया होत्या तशाच नदीच्या वाळूत झिरे उकरत राहिल्या. कंपनीने इथल्या कुणाला तरी पैसे चारले होते आणि ते जिनिव्हाच्या एका बँकेत ठेवले होते. हे उघडकीला आलं तेही कंपनीच्याच देशात. आपल्याकडे ते कधीच आलं नसतं. आपल्याकडे तोवर त्या मंत्र्याच्या नावाचा चौक झाला होता.

आणीबाणीत दिल्लीहून चौकशीवाला पहिला साहेब आला. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून त्याने विचारलं. लग्नाला दोनच वर्षं झालेली इंदू त्याच्यासमोर पदर चावत उभी राहिली. कंपनीचा गोरा माणूस या घरी जेवायला आला, त्या दिवशी त्याच्या कागदांवर सही कुणी केली? इंदू चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. तिने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं.

"मामाजीनं केली."

साहेब हिंदी मुलखातला. त्याच्याकडे मामाजी म्हणजे आईचा भाऊ. त्याने तसंच लिहिलं, दिल्लीत त्याचं तसंच इंग्रजी झालं, आणि इंदूच्या आईचा भाऊ मारोतराव, जो त्याच खात्यात भांडारपाल होता आणि ज्याने पंपांची खोकी उतरवून घेतल्याची पावती दिली होती, तो महिन्याभरात निलंबित झाला. साहेबाच्या हाताखाली नागपूरचा एक कारकून होता. त्याला हा शब्द कळला असता. पण कारकुनाला कोणी काही विचारत नसतं.

ज्याने इंदूला बाप मेल्यावर स्वतःच्या घरी वाढवलं, ज्याने तिचं कन्यादान केलं, तो हा मारोतीमामा. तिने सासऱ्याचे पाय धरले होते तेव्हा. चंपतरावांनी शांतपणे समजावलं होतं, "अवं, त्याच्याजवळ काही हायेच नाही तं सापडन काय? दोन-चार महिन्यांत सुटते तो. मी सापडलो तं मातर घर बसते."

दोन-चार महिन्यांची आठ वर्षं झाली. दिल्लीहून परदेशी कोर्टाला पत्र गेलं. भाषांतरावर शिक्का नाही म्हणून परत आलं. शिक्का बसला तोवर सरकार बदललं. नव्या सरकारने फाइल नव्याने वाचायला घेतली आणि वाचून व्हायच्या आत तेही बदललं. साहेब बदलत राहिले. प्रत्येकाने पहिल्यापासून विचारलं, प्रत्येकाने संत्रा बर्फी कुठली चांगली तेही विचारलं. चंपतराव त्यांना दिसत नव्हते असं नाही. पण कागदावर बाईचा जबाब होता, आणि सरकारात डोळ्याला दिसतं त्यापेक्षा कागदावर असतं ते खरं.

पाचवा साहेब आला तो नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी.

घरात पुरणाचा वास कोंदला होता. समोरच्या खोलीत दोघी महालक्ष्म्या नव्या लुगड्यांत उभ्या होत्या, डोक्यावर करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा टांगलेला. रुखमाबाई सोवळं नेसून स्वयंपाकघरात हुकूम सोडत होत्या.

"कुसुम, आंबील ढवळ वं, खाली लागून राहिली. अन् इंदू, तू ध्यानात ठेव. सायबासमोर कमी बोलायचं."

"मी जास्त कवा बोलली, आत्याबाई? एकच शबुद बोलली होती."

कुसुम फिसकन हसली. रुखमाबाईने पळी उगारली. "हस. तुह्याच घराची शोभा हाय."

साहेबाचं नाव सक्सेना. पन्नाशीचा, थकलेला, पित्ताचा त्रास असलेला माणूस. त्याच्या मागोमाग मारोतराव आला. आठ वर्षांत पहिल्यांदा तो या घराच्या पायऱ्या चढला. धोतर स्वच्छ, काखेत छत्री, दाढीचे खुंट पांढरे.

"या, मारोतराव," मधुकरराव म्हणाला. इंदूचा नवरा, सीताबर्डीवर पाइप-मोटारींचं दुकान, अंगात रेशमी झब्बा. "आज जेवूनच जायचं."

"मी जेवाले नाही आलो. समन्सवर आलो." मारोतराव ओट्यावरच बसला, भिंतीला पाठ लावून.

सक्सेनाने बैठकीत चष्मा पुसत सगळ्यांना सांगितलं ते थोडक्यात असं. जिनिव्हाच्या बँकेने खात्याला कुलूप लावून ठेवलं होतं. खातं कुणाचं ते बँक सांगत नाही. भारताने नाव सांगायचं, बँक फक्त हो किंवा नाही म्हणणार. भारताने मारोतरावाचं नाव सांगितलं. बँक म्हणाली, नाही.

"इस महीने के आख़िर में वो ताला खोल देंगे," सक्सेना म्हणाला. "फिर जिसका पैसा है, वो निकाल ले. केस ख़तम. मुझे बस बहूजी से पुराना बयान पक्का कराना है. एक सवाल, एक दस्तख़त. शाम की गाड़ी है मेरी."

"साहब, आज महालक्ष्मी है," मधुकरराव हात जोडून म्हणाला. "पहले भोजन, फिर दस्तख़त. आज के दिन कोई भूखा नहीं जाता हमारे यहाँ से."

सक्सेनाने पोटावरून हात फिरवला आणि मान डोलावली. त्याला वर्तमानपत्र दिलं गेलं. घरचे मधल्या खोलीत जमले. रुखमाबाईने दार लोटलं, तसंच, आठ वर्षांपूर्वीसारखं.

चंपतराव आरामखुर्चीत टेकले. पासष्टी ओलांडलेला माणूस, पण आवाज अजून ठेकेदाराला दरडावणारा.

"सोपं काम हाय. तो विचारन, मामाजी म्हणजे आईचा भाऊ ना? इंदूनं हो म्हणायचं. झालं."

"अन् मंग मामाचं?" इंदू म्हणाली.

"त्यायचं भलंच हाय त्यात," मधुकरराव म्हणाला. "बँक म्हणते असा माणूसच नाही. पुरावा नाही म्हणून सुटतात ते. निलंबन गेलं, पेन्शन सुरू, मागचा पगारही भेटन. इकडं कुलूप खुललं. सगळ्यायचंच भलं. कोणाचं नुकसान हाय सांग बरं?"

खेड्यांचं नाव कुणी काढलं नाही. खरं सांगायचं तर इंदूच्याही मनात ती खेडी नव्हती. ज्यांचं नुकसान झालं ते या खोलीत नव्हते, आणि जे खोलीत नसतात त्यांचा हिशोब कुणी धरत नाही.

"आठ वर्षं बसला मामा घरी," ती म्हणाली. "मामीनं शिलाईची मशीन घेऊन लोकायच्या चोळ्या शिवल्या. काय तं म्हणे, एका सायबानं चुकीनं लिवलं."

"चुकीनं?" रुखमाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता, तो त्यांना आवरला नाही. "चुकीनं कायले? तो साहेब जाता जाता मध्याले विचारे, 'इनके मामाजी का नाम क्या?' मी इथंच उभी होती. हा एक क्षण थांबला न् म्हणे, मारोतराव. माह्या पोराचं डोकं चाललं म्हणून वाचलं हे घर. नाहीतं तुह्या जिभेनं तं डुबवलंच होतं."

बाहेर सक्सेनाने पान उलटल्याचा आवाज आला.

आठ वर्षं इंदू दिल्लीच्या अडाणीपणाला शिव्या घालत होती. रात्री नवऱ्याजवळ रडायची तेव्हा तोही घालायचा. दिल्लीवाल्यांना मराठी येत नाही, यांना आपली नातीच कळत नाहीत, असं म्हणून तो तिच्या पाठीवरून हात फिरवायचा.

"तुमी सांगतलं नाव?" तिने विचारलं.

मधुकररावाने झब्ब्याची बाही नीट केली. "त्यानं विचारलं, मामाजीचं नाव काय. मी सांगतलं. तुह्या मामाचं नाव मारोतरावच हाय ना? मंग खोटं काय बोललो मी?"

चंपतराव हसले. पोराने गणित बरोबर सोडवल्यावर बाप हसतो तसं.

तेवढ्यात कुसुम, जी आतापर्यंत दाराशी हात पुसत उभी होती, सहज आवाजात म्हणाली, "अन् बाबा, त्या खात्यावर कोणाकोणाचं नाव हाय?"

"माहं," चंपतराव म्हणाले. "अन् मागं मध्याचं. मी मेलो तं अडकू नये म्हणून."

"अन् यायचं?" 'यांचं' म्हणजे तिच्या नवऱ्याचं, वामनरावाचं, जो भिलाईला नोकरीला होता आणि आज सुटी न मिळाल्याने आला नव्हता.

"वामन तवा शिकून राहिला होता. त्याले काय समजते?"

"आता तं शिकला," कुसुम म्हणाली.

"मध्या काय खाऊन टाकते का भावाचं? वाटा होईन ना त्याचा."

"होईन," कुसुम म्हणाली, आणि आंबील पाहायला गेली.

इंदू मागच्या दारी गेली. मोरीजवळ मारोतराव पाय धूत होता. जेवायचं नाही म्हणणारा माणूस पाय कशाला धुतो, हे तिच्या मनात येऊन गेलं.

"मामा," ती म्हणाली.

"पाहा, कसं बरोबर म्हणते," तो म्हणाला. "मले मामा, त्यायले मामाजी. लहानपणापासून तू मले कवा जी लावला नाही. अन् त्या एका 'जी'नं माही नौकरी खाल्ली."

"तुले माहीत होतं?"

"मी भांडारपाल होतो वं पोरी, भोपळा नोहतो. पहिल्याच दिवशी समजलं. वाटलं, चार महिने कळ काढू, पोरीचं घर तुटते नाहीतं. मंग वर्ष झालं. मंग लाज वाटाले लागली का इतके दिवस काहून बोललो नाही. मंग राग आला. तुहा, त्यायचा, माहा. आता तेही नाही. आता फकत गुडघे दुखतात."

"त्यायनं नाव सांगतलं, मामा. माह्या नवऱ्यानं. तो साहेब चुकला नोहता."

मारोतरावाने पायावर पाणी ओतायचं थांबवलं. मग उरलेला तांब्याही ओतला.

"बरं," तो म्हणाला. "मी दुसरंच समजत होतो. मले वाटे, माहं नाव तूच सांगतलं."

आठ वर्षं तो या घरी आला नाही, ते का, हे तिला आत्ता कळलं.

"ऐक," तो म्हणाला. "तुले वाटत असन का मी म्हणीन, खरं बोल. मी नाही म्हणत. खरं बोलली तं चौकशी पहिल्यापासून सुरू. नवीन पत्र, नवीन शिक्का, नवीन साहेब. मी मरून जाईन तोवर. तू हो म्हण. मले पेन्शन भेटू दे. मले इमान नाही पायजे आता, पेन्शन पायजे. तुह्या मामीचे डोळे गेले शिवू शिवू."

"अन् ते लोक पैसे उचलतीन."

"उचलू दे. आजवर कोणाचे परत आले?"

आतून रुखमाबाईची हाक आली. पानं मांडली होती.

चार पाट मांडले होते. सगळ्यांत वर चंपतराव, शेजारी सक्सेना, मग मधुकरराव. चौथ्या पाटावर रुखमाबाईने मारोतरावाला बळेच बसवलं. आजच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी गेला तर महालक्ष्म्या रुसतात, असं त्या म्हणाल्या. माणसाची भाकर हिरावलेली चालते, त्याचं जेवण चुकलेलं चालत नाही. मारोतराव पानापुढे बसला, पण त्याने पानाला हात लावला नाही.

सक्सेनाला पुरणपोळी आवडली. त्याने कढी मागितली, सोळा भाज्यांच्या भाजीत काय काय असतं ते विचारलं. मधुकररावाने त्याला एकेक भाजी ओळखून दाखवली. चंपतराव मान खाली घालून जेवत होते. आवडीचा पदार्थ असला की त्यांचं जगाकडे लक्ष नसे. उन्हं खिडकीतून फुलोऱ्यावर पडली होती आणि करंज्यांच्या सावल्या भिंतीवर हलत होत्या.

कुसुम तुपाची तांबली घेऊन निघाली होती. इंदूने ती तिच्या हातातून घेतली. कुसुमने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडली.

इंदू पंगतीच्या वरच्या टोकाला गेली. वाकली. आठ वर्षं न उच्चारलेला शब्द जड असेल असं तिला वाटलं होतं. तो जिभेवर ठेवल्यासारखाच होता.

"मामाजी, तूप वाढू?"

"वाढ, वाढ. चांगलं वाढ," चंपतरावांनी पोळी पुढे सरकवत मान वर न करता म्हटलं. पहिल्याच हाकेला.

पंगतीच्या खालच्या टोकाला मारोतरावाने मानही वळवली नव्हती. ती हाक त्याची नव्हतीच. जन्मात कधी नव्हती.

इंदूने तूप वाढलं. धार थांबली नाही; पोळीवरून पानावर आली, पानावरून पाटाकडे निघाली. चंपतरावांचा घास तोंडाशी थांबला. मधुकररावाने हातातलं भजं खाली ठेवलं.

सक्सेना चावत होता. चावता चावता हळू झाला. त्याने चंपतरावांकडे पाहिलं, मग पंगतीच्या टोकाला मारोतरावाकडे, मग इंदूकडे.

"बहूजी," तो म्हणाला, "आपने इनको क्या बुलाया?"

"साहब, वो तो प्यार से..." मधुकरराव म्हणाला.

"मैंने उनसे पूछा."

"मामाजी," इंदू म्हणाली. "आमच्याकडं सासऱ्याले मामाजीच म्हणतात. ससुर को. आईच्या भावाले नुसतं मामा. पहिल्या सायबाले मी हेच सांगतलं होतं, त्यायले ते समजलं नाही. या घरात समजलं होतं सगळ्यायले."

"खोटं बोलून राहिली!" रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. "या घरात बाबा म्हणतात त्यायले. विचारा कोणालेही."

सक्सेना सरकारी माणूस होता. एकीचं ऐकून त्याने आठ वर्षांची फाइल उलटी केली नसती. त्याने दारातल्या कुसुमकडे पाहिलं. "आप भी इस घर की बहू हैं?"

"हो."

"आप ससुरजी को क्या बुलाती हैं?"

कुसुमने पदर खांद्यावर नीट घेतला. चंपतरावांकडे पाहिलं, मधुकररावाच्या रेशमी झब्ब्याकडे पाहिलं.

"मले पहिल्याच दिवशी बजावलं होतं का मामाजी म्हणायचं नाही," ती म्हणाली. "म्हणून बाबा म्हणते. माह्या माहेरी, शेजारी, साऱ्या नागपुरात मामाजीच म्हणतात. अन् साहब, त्या खात्यावर मागं मोठ्या भाऊजींचंही नाव हाय. आमचं नाही."

चंपतरावांनी हातातला घास हळूच पानात ठेवला. ते मोठ्या सुनेकडे नाही, धाकटीकडे पाहत होते. इंदूकडून त्यांना भीती होती. कुसुमला त्यांनी हिशोबात धरलंच नव्हतं.

"तुले घरात ठेवत नाही मी," मधुकरराव इंदूला म्हणाला. आवाज बारीक होता.

"नका ठेवू," ती म्हणाली. "तुमचंच नाव विचारतीन आता. तेही खरं सांगा."

सक्सेनाने हात धुतला नाही. उजवा पुरणाने भरला होता, म्हणून डाव्या हाताने खिशातलं पेन काढलं, दातांनी टोपण ओढलं आणि म्हणाला, "एक काग़ज़ दीजिए कोई." मग स्वतःशीच, थकल्यासारखा, "गाड़ी तो गई आज की."

कागद आणायला कुणी उठलं नाही. शेवटी इंदूनेच महालक्ष्म्यांपुढच्या पंचांगामागचा कोरा कागद फाडून आणला.

खालच्या पाटावर मारोतराव तसाच बसला होता. त्याचे ओठ हलले. इंदू जवळ गेली.

"आता आनखी धा वर्षं," तो म्हणाला. "माही पेन्शन बुडवली तू."

"हो, मामा."

मग त्याने पानाभोवती पाण्याची धार फिरवली.

"पोळी वाढ," तो म्हणाला. "अन् तूप कंजूषीनं वाढू नको. त्यायले वाढलं तेवढंच वाढ."